'आला'चं इंग्रजी दर वेळी 'केम' होत नाही

'तो आला तर मला सांग.' या वाक्यातलं 'आला' हे रूप भूतकाळी आहे, पण तो अजून आलेला नाही. कदाचित येणारही नाही. इंग्रजीत हे वाक्य 'इफ ही कम्स, टेल मी' असं होतं, म्हणजे चक्क वर्तमानकाळात. 'पाऊस थांबला की निघू' याचंही तसंच: 'वी विल लीव्ह व्हेन द रेन स्टॉप्स'. 'मला भूक लागली' हे वाक्य आत्ताच्या भुकेबद्दल आहे, म्हणून 'आय ॲम हंग्री'. आणि 'आलोच!' असं ओरडणारा माणूस अजून आतल्या खोलीतच असतो. इंग्रजीत तो 'कमिंग!' म्हणतो.

इंग्रजी लिहिताना काळ चुकतो तो नियम पाठ नसल्यामुळे क्वचितच. बारा काळांचा तक्ता बहुतेकांनी शाळेत घोकलेला असतो. चूक त्याच्या आधी होते. मनात मराठी वाक्य तयार होतं, त्यातलं क्रियापद '-ला, -ली, -लं' असं संपतंय एवढं पाहून हात भूतकाळ लिहून मोकळा होतो. पुढे 'आहे' दिसलं की 'हॅज', 'होता' दिसलं की 'हॅड'. हे यंत्रासारखं रूपांतर पुष्कळ वाक्यांत चालून जातं, म्हणूनच ते अंगवळणी पडतं. जिथे चालत नाही त्या जागा मात्र ठरलेल्या आहेत.

आधी वेळ, मग रूप

इंग्रजी क्रियापद स्वतःचं रूप बदलून दोनच काळ दाखवतं: 'वॉक' किंवा 'वॉक्स' हा वर्तमान, 'वॉक्ड' हा भूत. भविष्यासाठी 'विल'सारखं साहाय्यक लागतं आणि बाकीचे सगळे प्रकार 'बी' आणि 'हॅव' यांना जोडून तयार होतात. त्यामुळे बहुतेक वाक्यांत पहिला निर्णय एकच असतो: पहिलं क्रियापद वर्तमानात ठेवायचं की भूतकाळात? 'हॅव गॉन' हे वर्तमानाच्या बाजूला पडतं, कारण 'हॅव' वर्तमानात आहे. 'हॅड गॉन' भूतकाळाच्या बाजूला. 'हॅव'वालं रूप शाळेत पूर्ण वर्तमानकाळ या नावाने शिकवतात ते याचसाठी, पण त्या नावातल्या 'वर्तमान'कडे कुणी लक्ष देत नाही.

निर्णय घेताना घटना कधी घडली हे विचारून पुरत नाही. वाक्य कोणत्या वेळेबद्दल बोलतंय, हे विचारावं लागतं. 'आय हॅव लॉस्ट माय की' यात किल्ली हरवण्याची घटना मागे घडून गेली, पण वाक्य आत्ताबद्दल आहे: किल्ली जवळ नाही, दार उघडता येत नाही. 'आय लॉस्ट माय की ऑन मंडे' हे वाक्य सोमवारबद्दल आहे. किल्ली नंतर सापडली की नाही, याबद्दल ते काहीच सांगत नाही.

हाच प्रश्न उलट बाजूनेही उपयोगी पडतो. 'आय मेट अ वुमन यस्टर्डे. शी वॉज अ डॉक्टर.' काल भेटलेली बाई आजही डॉक्टरच असणार, तरी 'वॉज' बरोबर आहे, कारण गोष्ट कालच्या भेटीची चालली आहे. 'इज' लिहिलं तरी चूक नाही. मग बोलण्याचा रोख आजवर येतो. पण कसलाही मागचा संदर्भ नसताना 'माय अंकल वॉज अ डॉक्टर' असं लिहिलं, तर वाचणारा समजतो की काका वारले किंवा निवृत्त तरी झाले. एका 'वॉज'ने एवढं घडतं.

बंद झालेली वेळ

सर्वात जास्त गोंधळ सिंपल पास्ट आणि प्रेझेंट परफेक्ट यांच्यात होतो, म्हणजे 'आय केम' की 'आय हॅव कम'. मराठीत 'मी कालच आलो आहे' हे वाक्य निर्दोष आहे. 'आय हॅव कम यस्टर्डे' मात्र इंग्रजीत कुठेच चालत नाही. कारण साधं आहे. 'हॅव' वाक्याला आत्ताशी बांधतं आणि 'यस्टर्डे' ही वेळ बंद झालेली आहे. एकाच क्रियापदाला दोन्हीकडे ओढता येत नाही. म्हणून 'आय केम यस्टर्डे'.

बंद वेळ सांगणारे शब्द ओळखणं सोपं आहे: 'यस्टर्डे', 'लास्ट वीक', 'टू डेज अगो', 'इन २०१५', 'व्हेन आय वॉज अ चाइल्ड'. यातला एकही वाक्यात असेल तर 'हॅव' किंवा 'हॅज' येत नाही. अर्जांमध्ये 'आय हॅव पास्ड धिस एक्झाम इन २०१५' हे वाक्य हमखास भेटतं. ते सुधारण्याचे दोन मार्ग आहेत. वर्ष महत्त्वाचं असेल तर 'आय पास्ड धिस एक्झाम इन २०१५'. परीक्षा पास आहात एवढंच सांगायचं असेल तर वर्ष काढून 'आय हॅव पास्ड धिस एक्झाम'. 'व्हेन'ने विचारलेला प्रश्न घटनेची नेमकी वेळ मागतो, म्हणून तिथेही तेच: 'तू कधी आला आहेस?' याचं 'व्हेन हॅव यू कम?' होत नाही, 'व्हेन डिड यू कम?' होतं.

'धिस मॉर्निंग', 'टुडे', 'धिस वीक' हे शब्द दोन्हीकडे चालतात आणि निर्णय घड्याळावर सोपवतात. सकाळी दहा वाजता कुणी म्हणेल, 'आय हॅव हॅड टू कप्स ऑफ कॉफी धिस मॉर्निंग'. सकाळ अजून चालू आहे, तिसरा कप होऊ शकतो. तोच माणूस दुपारी चार वाजता 'आय हॅड टू कप्स ऑफ कॉफी धिस मॉर्निंग' म्हणेल. कप तेवढेच, सकाळ संपली.

हा भेद एका छोट्या तक्रारीत पूर्ण दिसतो. समजा, ऑफिसातला प्रिंटर बंद पडला आणि दुरुस्ती करणाऱ्याला चार ओळी लिहायच्या आहेत:

'द प्रिंटर हॅज स्टॉप्ड वर्किंग. इट स्टॉप्ड ॲट टेन धिस मॉर्निंग. वी स्विच्ड इट ऑफ अँड ऑन ट्वाइस. इट स्टिल डझन्ट प्रिंट.'

पहिलं वाक्य बातमी देतं. प्रिंटर आत्ता बंद आहे हा त्याचा मुद्दा, म्हणून 'हॅज'. दुसऱ्या वाक्यात नेमकी वेळ आली, तिथे 'हॅज' गळून पडलं. तिसरं वाक्य त्याच प्रसंगात काय केलं ते सांगतं, म्हणून तेही भूतकाळात. चौथ्यात पुन्हा आत्ताची स्थिती, म्हणून साधा वर्तमानकाळ. नवी गोष्ट 'हॅव'ने जाहीर करायची आणि तपशील सिंपल पास्टने भरायचे, ही इंग्रजीची नेहमीची चाल आहे. बातम्या, ईमेल, फोनवरचं बोलणं, सगळीकडे ती दिसते. मराठीच्या सवयीने चारही वाक्यांत 'हॅज' आणि 'हॅव' घातले, तर वाचणाऱ्याला घटनाक्रम लागत नाही आणि तो पुन्हा विचारतो, नक्की कधी बंद पडला?

कर्ता हयात नसेल तेव्हा 'हॅव' आणखी अडतं. आइनस्टाइन १९३३ पासून १९५५ मध्ये मृत्यू येईपर्यंत प्रिन्स्टनला राहिले. 'आइनस्टाइन हॅज लिव्ड इन प्रिन्स्टन' हे वाक्य वर्षाचा उल्लेख नसतानाही खटकतं, कारण 'हॅज'ने ज्या आत्ताशी जोडायचं त्या आत्तामध्ये ते नाहीत. 'प्रिन्स्टन हॅज चेंज्ड' चालतं. गाव जागेवर आहे. त्यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताचं गणित मात्र निराळं. मांडण्याची क्रिया भूतकाळात: 'आइनस्टाइन प्रेझेंटेड द थिअरी इन १९१५'. सिद्धांत काय म्हणतो ते वर्तमानात: 'द थिअरी प्रेडिक्ट्स दॅट लाइट बेंड्स निअर द सन'. १९१९ च्या ग्रहणात त्याची पडताळणी झाली, ते पुन्हा भूतकाळात.

'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट' यांच्याबाबत ब्रिटिश आणि अमेरिकन सवयी वेगळ्या आहेत. ब्रिटिश इंग्रजीत 'आय हॅव जस्ट ईटन' हे नेहमीचं. अमेरिकन बोलण्यात 'आय जस्ट एट' सर्रास चालतं. परीक्षेसाठी किंवा औपचारिक लेखनासाठी 'हॅव'वालं रूप घ्या, ते दोन्हीकडे बरोबर धरलं जातं.

'पाच वर्षांपासून' आणि त्यातल्या दोन चुका

'मी इथे पाच वर्षांपासून काम करतो.' मराठीत हा साधा वर्तमानकाळ आहे. त्याचं 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' असं होतं, आणि त्यात एकदम दोन गोष्टी चुकतात.

पहिली चूक काळाची. मागे सुरू होऊन आत्तापर्यंत चालू असलेली गोष्ट कालावधीसकट सांगताना इंग्रजीला नुसता वर्तमानकाळ पुरत नाही, 'आय वर्क'ही नाही आणि 'आय ॲम वर्किंग'ही नाही. 'आय हॅव वर्क्ड हिअर' किंवा 'आय हॅव बीन वर्किंग हिअर' लागतं. दुसरी चूक 'सिन्स'ची. मराठीतलं 'पासून' सुरुवातीचा बिंदू आणि मधला कालावधी दोन्ही सांभाळतं. इंग्रजीत बिंदूला 'सिन्स' आणि लांबीला 'फॉर'. 'सिन्स २०१९', 'सिन्स मंडे', पण 'फॉर फाइव्ह इयर्स', 'फॉर थ्री डेज'. म्हणून: 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स'.

इथे 'हॅव' गाळलं तर अर्थच उलटतो. 'आय वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणजे पाच वर्षं केलं, आता सोडलं. 'शी हॅज बीन मॅरीड फॉर टेन इयर्स' म्हणजे लग्नाला दहा वर्षं झाली. 'शी वॉज मॅरीड फॉर टेन इयर्स' म्हटलं की ऐकणारा अवघडतो, कारण ते लग्न आता उरलेलं नाही असा त्याचा अर्थ होतो.

प्रश्न विचारतानाही जपावं लागतं. 'कधीपासून आहेस इथे?' हे विचारायला 'हाऊ लाँग हॅव यू बीन हिअर?' आहे. 'हाऊ लाँग आर यू हिअर फॉर?' म्हणजे एकूण किती दिवसांसाठी आला आहेस. नुकत्याच आलेल्या पाहुण्याला तो प्रश्न 'जाणार कधी?' असाही ऐकू येऊ शकतो.

बसला आहे, झोपली आहे, समजलं

मराठीत काही क्रियापदं क्रिया पूर्ण झाल्याचं रूप वापरून आत्ताची स्थिती सांगतात. 'तो खुर्चीवर बसला आहे' यात बसण्याची क्रिया संपली आणि बसलेपण चालू आहे. इंग्रजी या ठिकाणी चालू असलेल्या स्थितीकडे पाहतं: 'ही इज सिटिंग ऑन द चेअर'. 'ही हॅज सॅट' असं कुणी म्हणत नाही. 'बाळ झोपलं आहे' म्हणजे 'द बेबी इज स्लीपिंग' किंवा 'अस्लीप'. 'ती दारात उभी राहिली आहे' म्हणजे 'शी इज स्टँडिंग ॲट द डोअर'. 'तिने चश्मा घातला आहे' म्हणजे 'शी इज वेअरिंग ग्लासेस'. इथे 'शी हॅज वोर्न ग्लासेस' म्हटलं तर पूर्वी कधीतरी तिने चश्मा वापरला होता असं वाटतं. छायाचित्राचं वर्णन करायला सांगितलं की या चुका एकदम उघड्या पडतात, कारण चित्रातलं प्रत्येक माणूस बसलेलं, उभं, टेकलेलं किंवा काहीतरी घातलेलं असतं.

मनाच्या क्रियांचंही असंच आहे. समजावून सांगितल्यावर आपण 'समजलं' म्हणतो, आणि त्याचं 'आय अंडरस्टुड' होतं. व्याकरण ठीक आहे, पण ऐकणाऱ्याला वाटतं, तेव्हा समजलं होतं, मग आता काय झालं? समजणं चालू असेल तर 'आय अंडरस्टँड'. हातात भेट देऊन 'आवडलं का?' विचारायचं असेल तर 'डू यू लाइक इट?', आणि उत्तर 'यस, आय लाइक इट'. पाहून झालेल्या नाटकाबद्दल विचारताना मात्र 'डिड यू लाइक इट?', कारण नाटक संपलं. मराठीत दोन्हीकडे 'आवडलं'च आहे.

'होता' म्हणजे 'हॅड' नव्हे

'मी काल लायब्ररीत गेलो होतो.' इथे 'होतो' का येतं? गेलो आणि परत आलो, ती गोष्ट आता मागे पडली, एवढंच ते सांगतं. 'आय हॅड गॉन टू द लायब्ररी यस्टर्डे' असं लिहिलं की इंग्रजी वाचणारा पुढच्या वाक्याची वाट पाहतो: गेला होतास, आणि मग काय झालं? साधं उत्तर आहे 'आय वेन्ट टू द लायब्ररी यस्टर्डे'.

'हॅड'ला भूतकाळात दोन टप्पे लागतात, एक अलीकडचा आणि एक त्याच्याही मागचा. 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट': आपण पोहोचलो हा अलीकडचा टप्पा, गाडी सुटली हा पलीकडचा. गाडी चुकली. 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट' म्हटलं तर आपण पोहोचलो आणि तेवढ्यात गाडी हलली. पाहायला तरी मिळाली. 'आफ्टर' किंवा 'बिफोर' वाक्यात असेल तर क्रम त्यानेच कळतो आणि 'हॅड' बहुधा अनावश्यक ठरतं. गोष्ट लिहिताना मागचा लांब प्रसंग सांगायचा असेल, तर पहिल्या एकदोन वाक्यांत 'हॅड' वापरून वाचकाला मागे न्यावं आणि मग सिंपल पास्टवर यावं. परिच्छेदभर 'हॅड'चा सडा घालणं व्याकरणात बसतं, वाचायला मात्र वैताग येतो.

जुन्या सवयींसाठी आणखी एक रूप आहे. 'आम्ही रोज पोहायला जायचो' याचं 'वी वर गोइंग' होत नाही. 'वी यूज्ड टू गो स्विमिंग' किंवा नुसतं 'वी वेन्ट स्विमिंग एव्हरी डे'. याचा वर्तमानकाळ मात्र नाही. 'आय यूज टू गो' असं आजच्या सवयीबद्दल लिहिलेलं दिसतं, ते चूक आहे. आजची सवय म्हणजे सरळ 'आय गो'.

कुणी काय म्हणालं ते सांगताना

मराठीत आपण माणसाचे शब्द जसेच्या तसे ठेवतो: 'तो म्हणाला की मी आजारी आहे.' इंग्रजीत 'ही सेड' असं भूतकाळी क्रियापद आलं की आतलं वाक्यही एक पायरी मागे सरकतं: 'ही सेड ही वॉज इल'. 'आय विल कम' सांगताना 'शी सेड शी वुड कम' होतं, आणि 'आय हॅव फिनिश्ड' सांगताना 'ही सेड ही हॅड फिनिश्ड'. इथेही तोच प्रश्न आहे: वाक्य त्याच्या बोलण्याच्या वेळेबद्दल आहे, म्हणून 'वॉज'.

आतली गोष्ट आजही खरी असेल तर वर्तमान ठेवायला हरकत नाही. 'शी सेड दॅट वॉटर बॉइल्स ॲट अ लोअर टेम्परेचर ॲट हाय ॲल्टिट्यूड' यात 'बॉइल्स' अगदी योग्य आहे. मात्र 'ही सेड ही इज इल' लिहिणारा त्या माणसाच्या आजारपणाची आजचीही हमी घेतो आहे. तेवढी खात्री नसेल तर 'वॉज' लिहिणं शहाणपणाचं. इतिवृत्त आणि चौकशी अहवाल लिहिणाऱ्यांनी हे विशेष सांभाळावं: कुणाच्या तोंडचा दावा आणि लिहिणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं यांतला फरक कधी कधी या एका क्रियापदावर उभा असतो.

'तर', 'की' आणि खोटा भूतकाळ

सुरुवातीच्या 'तो आला तर'कडे परत वळू. घडू शकणाऱ्या पुढच्या गोष्टीची अट मराठी '-ला' रूपाने घालते: 'अभ्यास केलास तर पास होशील'. इंग्रजी तीच अट वर्तमानकाळात घालतं: 'इफ यू स्टडी, यू विल पास'. 'व्हेन', 'आफ्टर', 'अन्टिल', 'ॲज सून ॲज' यांनी सुरू होणाऱ्या उपवाक्यांतही पुढच्या वेळेसाठी साधा वर्तमानकाळच येतो, 'विल' येत नाही. 'व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम' यातलं पहिलं 'विल' काढून 'व्हेन ही कम्स' करा.

मग 'इफ ही केम' कधी म्हणायचं? जेव्हा ती गोष्ट घडण्यासारखी वाटत नाही किंवा उघडच खोटी आहे तेव्हा. 'इफ आय हॅड अ कार, आय वुड ड्राइव्ह यू होम' म्हणजे 'माझ्याकडे गाडी असती तर', गाडी नाही. यातला 'हॅड' आत्ताबद्दल आहे, कालबद्दल नाही. इंग्रजीत भूतकाळी रूपाला हे दुसरंही काम आहे: वास्तवापासून अंतर दाखवणं. 'आय विश आय न्यू' म्हणजे मला आत्ता माहीत असतं तर बरं झालं असतं. 'इट्स टाइम वी लेफ्ट' म्हणजे आता निघायला हवं, पण अजून निघालेलो नाही. 'आय वॉन्टेड टू आस्क यू समथिंग' यात विचारायचं आत्ताच असतं. एक पाऊल मागे राहून विनंती नरम केलेली असते.

लक्षात ठेवायला सोपी खूण मराठीतच आहे. मराठी वाक्यात 'असतं', 'आला असता', 'केलं असतं' असा 'असता' दिसला, तर इंग्रजीत भूतकाळ किंवा 'हॅड' लागणार. नुसतं 'आला तर', 'केलं तर' असेल तर बहुधा वर्तमानकाळ.

एकदाच दाखवा

इंग्रजी वाक्य काळ एकदाच दाखवतं, तेही पहिल्या क्रियापदावर. 'डिड' आलं की भूतकाळ सांगून झाला, पुढचं क्रियापद मूळ रूपात येतं: 'डिड यू गो?', 'आय डिडन्ट गो'. 'डिड यू वेन्ट' ही चूक होते, कारण मराठी प्रश्नात 'गेलास का?' असं मुख्य क्रियापदच भूतकाळ वाहतं.

'पुट', 'कट', 'हिट' यांची दोन्ही काळांतली रूपं सारखीच आहेत, तरी 'ही' किंवा 'शी' पुढे असेल तर काळ कळतो. 'ही पुट्स' वर्तमान. 'ही पुट' मध्ये शेवटचा 'स' नाही, म्हणजे भूतकाळ. हा 'स' विसरणाऱ्याचं वर्तमानातलं वाक्य नकळत भूतकाळात जातं. बोलताना '-ड' प्रत्ययाचे तीन उच्चार होतात: 'प्लेड'मध्ये 'ड', 'लुक्ट'मध्ये 'ट', आणि मूळ क्रियापद 'ट' किंवा 'ड'ने संपत असेल तरच 'इड', जसं 'वॉन्टिड', 'नीडिड'. 'लुकेड' किंवा 'वॉकेड' असं कुणी म्हणत नाही.

कुठल्या लेखनात कोणता काळ

कथा, अनुभव, अहवाल आणि इतिवृत्त यांचा मुख्य काळ भूत. कथा-कादंबरीचं किंवा नाटकाचं कथानक सांगताना मात्र वर्तमान: नायक घर सोडतो, बहीण पत्र लिहिते. पुस्तक उघडलं की ते प्रत्येक वेळी तसंच घडतं, असं त्यामागचं गृहीतक आहे. लेखकाच्या आयुष्याबद्दल त्याच परिच्छेदात लिहायचं तर ते भूतकाळात.

शोधनिबंधात प्रयोग कसा केला आणि काय आढळलं ते भूतकाळात, तक्ता काय दाखवतो ते वर्तमानात ('टेबल २ शोज'), आणि सर्वमान्य ज्ञानही वर्तमानात. आपल्या निष्कर्षासाठी वर्तमान वापरला की तो कायमचं सत्य असल्यासारखा वाचला जातो. थोड्या नमुन्यांवरच्या निष्कर्षाला भूतकाळच शोभतो. बायोडेटात सध्याच्या नोकरीची कामं वर्तमानात आणि सोडलेल्या नोकरीची भूतकाळात लिहावीत. नोकरी बदलल्यावर जुनी क्रियापदं तशीच राहतात, ही तिथली नेहमीची गफलत. वृत्तपत्रांचे मथळे कालची घटना वर्तमानात देतात आणि खालची बातमी भूतकाळात; मथळ्याची ही लकब पत्रात किंवा निबंधात आणू नये. वेळापत्रकातली पुढची गोष्ट वर्तमानात चालते: 'द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स टुमॉरो'.

मुख्य काळ ठरला की तो मध्येच बदलू नये. मराठीत गोष्ट रंगवताना आपण सहज उडी मारतो: 'मी घरी गेलो, दार उघडतो तर काय, आत कुणीच नाही!' गप्पांत इंग्रजी बोलणारेही असं करतात. लेखी इंग्रजीत मात्र ही उडी निष्काळजीपणा म्हणून वाचली जाते. एका परिच्छेदात काळ बदलायचा असेल तर वेळ खरोखर बदललेली असावी, प्रिंटरच्या त्या चार ओळींत बदलली तशी.

लिहून झाल्यावर अर्थ बाजूला ठेवून फक्त क्रियापदं तपासणारी एक वेगळी फेरी मारावी. प्रत्येक वाक्यातलं पहिलं क्रियापद अधोरेखित करा आणि वेळ दाखवणाऱ्या शब्दाभोवती गोल करा. 'हॅव' किंवा 'हॅज'च्या वाक्यात गोलात 'यस्टर्डे', 'अगो' किंवा जुनं वर्ष सापडलं आणि त्याच्या आधी 'सिन्स' नसेल, तर ते वाक्य दुरुस्त करा. मग संगणकाच्या शोधखिडकीत 'हॅड' टाका आणि जिथे दुसरा, अलीकडचा टप्पा सापडत नाही तिथे साधा भूतकाळ करा. 'सिन्स' शोधा: पुढे कालावधी असेल तर 'फॉर', मागे 'ॲम', 'इज' किंवा 'आर' असेल तर 'हॅव बीन' किंवा 'हॅज बीन'. 'सिन्स' जिथे 'कारण' या अर्थाने आलं आहे ती वाक्यं मात्र सोडून द्या, त्यांना हा नियम लागू नाही.